जोडीनं जिंकलेलं विम्बल्डन

जुलै उजाडला की आपल्या सोसायटीत विम्बल्डनचे वारे वाहू लागतात. लिफ्टमध्ये, पार्किंगमध्ये, सकाळी दुधाच्या पिशव्या घ्यायला खाली उतरलेल्या मंडळींत फेडरर, नदाल, जोकोविच, सेरेना ही नावं घुमतात. एकेरीचा अंतिम सामना संपला, चषक उंचावून झाला, की बहुतेक घरांतले टीव्ही बंद होतात किंवा मालिकेकडे वळतात. २०२४ पर्यंत त्यानंतर त्याच हिरवळीवर दोघी-दोघी उतरायच्या आणि महिला दुहेरीचा अंतिम सामना सुरू व्हायचा, तेव्हा बघायला फारसं कुणी उरलेलं नसायचं.

रौप्यमहोत्सवी स्मरणिकेत या दुर्लक्षित स्पर्धेवर लिहावंसं वाटलं, त्याला कारण आहे. पंचवीस वर्षं एका छपराखाली राहिलेल्या आपल्यासारख्यांना 'जोडीनं निभावणं' म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको. महिला दुहेरीचा इतिहास हा त्याच निभावण्याचा इतिहास आहे.

उशिरा मिळालेली जागा

विम्बल्डनची स्पर्धा सुरू झाली १८७७ मध्ये, फक्त पुरुषांच्या एकेरीनं. १८८४ मध्ये महिलांची एकेरी आणि पुरुषांची दुहेरी अशा दोन स्पर्धा जोडीला आल्या. महिलांच्या दुहेरीला मात्र अधिकृत अजिंक्यपदाचा दर्जा मिळायला १९१३ साल उजाडावं लागलं. म्हणजे आणखी एकोणतीस वर्षं.

त्या पहिल्या अंतिम सामन्याचा निकालही गमतीचा आहे. एका बाजूला शार्लट स्टेरी आणि डोरोथिया लॅम्बर्ट चेंबर्स. या दोघींची कारकिर्दीतली विम्बल्डनची एकेरीची विजेतेपदं मोजली तर बारा भरतात! समोर विनिफ्रेड मॅकनेअर आणि डोरा बूथबी. पहिला सेट स्टेरी-चेंबर्स यांनी ६-४ असा घेतला, दुसऱ्यातही त्या ४-२ नं पुढे होत्या. तेवढ्यात स्टेरी यांना दुखापत झाली आणि सामना सोडावा लागला. चेंबर्स धडधाकट उभ्या होत्या, पण उपयोग काय? दुहेरीत एकीचा पाय अडखळला की दोघी थांबतात. सेट हरलेली, दुसऱ्यातही मागे पडलेली जोडी पहिली विजेती ठरली. या खेळाचा नियम पहिल्याच वर्षी असा लिहिला गेला.

ज्यांनी कधी टेनिस खेळलेलं नाही त्यांच्यासाठी थोडंसं सांगतो. टेनिसचं मैदान ७८ फूट लांब असतं. एकेरीत त्याची रुंदी २७ फूट धरतात, दुहेरीत दोन्ही बाजूंचे साडेचार-साडेचार फुटांचे पट्टे धरून ती ३६ फूट होते. माणसं दुप्पट झाली, जागा मात्र एक तृतीयांशच वाढली. त्यामुळे दुहेरीत नुसती ताकद चालत नाही. चेंडू कुणाचा, पुढे कोण, मागे कोण, एक जण नेटकडे धावली तर मोकळी जागा कुणी भरायची, हे सगळं निमिषात आणि बरेचदा न बोलता ठरवावं लागतं.

एकोणीस विजेतेपदं, एकेरीचं एकही नाही

पहिल्या महायुद्धानंतर फ्रान्सची सुझान लेंग्लेन आणि अमेरिकेची एलिझाबेथ रायन ही जोडी जमली. १९१९ ते १९२३ सलग पाच आणि १९२५ चं एक, अशी सहा विजेतेपदं त्यांनी मिळवली. १९२६ मध्ये फ्रेंच टेनिस संघटनेनं फर्मान काढलं, की लेंग्लेननं परदेशी जोडीदारीण न घेता फ्रेंच खेळाडूबरोबरच खेळायचं. जमलेली जोडी वरून आलेल्या हुकमानं मोडली. त्या वर्षी विम्बल्डनला लेंग्लेन आपल्या नव्या जोडीदारणीसह उतरली आणि हरली. हरवलं कुणी? रायन आणि तिच्या नव्या जोडीदारणीनं! त्याच वर्षी लेंग्लेननं हौशी टेनिसला रामराम ठोकला आणि पैसे घेऊन खेळणारी व्यावसायिक खेळाडू झाली.

रायन खेळत राहिली. महिला दुहेरीत बारा आणि मिश्र दुहेरीत सात, अशी विम्बल्डनची एकोणीस विजेतेपदं तिच्या नावावर जमली. एकेरीचं विम्बल्डन तिला कधीच मिळालं नाही. तरी तो एकोणीसचा आकडा पुढे जवळजवळ अर्धं शतक कुणाला मोडता आला नाही.

१९७९ पर्यंत बिली जीन किंगची विजेतेपदंही एकोणीस झाली होती आणि त्या वर्षी ती मार्टिना नवरातिलोवाबरोबर महिला दुहेरीच्या अंतिम फेरीत पोचली. सामन्याच्या आदल्या दिवशी, ६ जुलैला, सत्याऐंशी वर्षांच्या रायनबाई विम्बल्डनच्याच आवारात कोसळल्या आणि गेल्या. दुसऱ्या दिवशी किंग-नवरातिलोवा जिंकल्या आणि विक्रम मोडला. आपला विक्रम मोडलेला पाहण्याची वेळ रायनबाईंवर आली नाही. योगायोग म्हणा, नाहीतर आणखी काही म्हणा.

ज्यांना कुणी जोडीला घेत नव्हतं

आता १९५६ कडे. तेव्हा विम्बल्डन फक्त हौशी खेळाडूंसाठी होतं. अमेरिकेची अल्थिया गिब्सन कृष्णवर्णीय होती, इंग्लंडची अँजेला बक्स्टन ज्यू. दोघींनाही आपापल्या देशातल्या क्लबांत रंगावरून आणि धर्मावरून दारं बंद झाल्याचा अनुभव होता. खेळात त्या कमी नव्हत्या, पण त्यांच्याबरोबर खेळायला कुणी फारसं पुढे येत नव्हतं. विशेष म्हणजे त्यांची ओळख झाली ती आपल्या भारतात. १९५५ च्या अखेरीस गिब्सन अमेरिकी सरकारच्या सदिच्छा दौऱ्यावर आशियात फिरत होती, बक्स्टनही स्पर्धेसाठी इथे आली होती.

पुढच्याच वर्षी दोघींनी मिळून आधी फ्रेंच आणि मग विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली. विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाच्या फे म्युलर आणि डॅफ्नी सीनी यांना त्यांनी ६-१, ८-६ असं हरवलं. गिब्सन पुढे १९५७ आणि १९५८ मध्ये विम्बल्डनची एकेरीही जिंकली. बक्स्टनची कारकीर्द मनगटाच्या दुखापतीनं लवकर संपली. ज्या क्लबच्या हिरवळीवर ती विजेती झाली, त्याच क्लबच्या सभासदत्वासाठी तिनं अर्ज केला होता. तो कधीच मंजूर झाला नाही, असं ती शेवटपर्यंत सांगत असे. सभासदत्व म्हणजे काय असतं आणि ते नाकारलं जाणं काय असतं, हे आपल्यापैकी ज्यांनी जागेसाठी वणवण केली आहे त्यांना कळेल.

खरी गोष्ट याच्या पुढे आहे. जवळपास चाळीस वर्षांनी, १९९५ मध्ये, बक्स्टनला फोन आला. पलीकडे गिब्सन. आजारी, एकाकी, औषधाला आणि घरभाड्यालाही पैसे नाहीत, जगण्याची इच्छा उरली नाही असं सांगत होती. दोन वेळा विम्बल्डन जिंकलेली बाई! तिच्या काळात टेनिसमध्ये पैसाच नव्हता हो. बक्स्टननं आधी स्वतः पैसे पाठवले, मग एका टेनिस नियतकालिकातून टेनिसप्रेमींना हाक दिली. जगभरातून मदत आली, ती दहा लाख डॉलरच्या घरात गेली म्हणतात. गिब्सन त्यानंतर आठ वर्षं जगली, २००३ मध्ये गेली. एकेरीतल्या प्रतिस्पर्ध्याला असा फोन कुणी केला असता का, कोण जाणे. जोडीदारणीला केला.

नऊ जणी आणि एक-एक डॉलर

१९६८ पासून विम्बल्डन व्यावसायिक खेळाडूंना खुलं झालं. त्या वर्षी एकेरीच्या पुरुष विजेत्याला, रॉड लेव्हरला, २००० पौंड मिळाले, तर महिला विजेत्या बिली जीन किंगला ७५०. हौशी टेनिसच्या काळात दोघांनाही पैसे नव्हते, आता पैसे आले आणि सोबत तफावतही आली.

२३ सप्टेंबर १९७० या दिवशी अमेरिकेत ह्यूस्टनमध्ये नऊ महिला खेळाडूंनी टेनिस नियतकालिकाच्या प्रकाशक ग्लॅडिस हेल्डमन यांच्याबरोबर एक-एक डॉलरचा करार केला आणि संघटनेचा विरोध पत्करून स्वतःची वेगळी स्पर्धा खेळल्या. आपल्याकडे सहकारी संस्था नोंदवायला निदान दहा सभासद लागायचे. त्यांनी नवातच काम भागवलं! त्यातल्या बिली जीन किंग आणि रोझी कॅसल्स या दोघी म्हणजे दुहेरीतली पक्की जोडी. विम्बल्डनची महिला दुहेरी त्यांनी पाच वेळा जिंकली.

तीन वर्षांनी, जून १९७३ मध्ये, विम्बल्डन सुरू होण्याच्या तोंडावर लंडनमधल्या एका हॉटेलात साठेक महिला खेळाडू जमल्या. किंगनं उंच्यापुऱ्या डच खेळाडू बेटी स्टोव्हला दारापाशी उभं केलं. सांगितलं, निर्णय होईपर्यंत कुणाला बाहेर सोडायचं नाही. (आपल्या सर्वसाधारण सभेच्या गणसंख्येसाठी ही युक्ती करून बघायला हरकत नाही.) त्या बैठकीत महिला टेनिस संघटना, म्हणजे आजची डब्ल्यूटीए, जन्माला आली. त्याच वर्षी अमेरिकन ओपननं पुरुष आणि महिलांना समान बक्षीस दिलं. विम्बल्डनला तेच करायला २००७ उजाडलं. आणि दारावर उभी असलेली बेटी स्टोव्ह? १९७९ च्या त्या विक्रमी अंतिम सामन्यात किंगच्या विरुद्ध नेटपलीकडे तीच होती, वेंडी टर्नबुलबरोबर.

स्त्री-पुरुषांतली तफावत अशी मिटली. एकेरी आणि दुहेरीतली मात्र राहिली. २०१५ मध्ये विम्बल्डनच्या एकेरी विजेतीला १८ लाख ८० हजार पौंड होते. दुहेरीच्या विजेत्या जोडीला ३ लाख ४० हजार, तेही दोघींत मिळून. म्हणजे एकीच्या वाट्याला एकेरीच्या साधारण अकरावा हिस्सा. प्रेक्षक एकेरीला येतात, टीव्हीवाले एकेरी दाखवतात, पैसा तिकडे जातो, हा हिशोब समजण्यासारखा आहे. पण एकेरीत मोठं नाव नसलेल्या खेळाडूसाठी दुहेरीतली ही कमाई म्हणजे प्रवास, प्रशिक्षक, फिजिओ यांचा खर्च भागवायचा आधार असते, हेही विसरून चालणार नाही.

गाथेच्या घरातली मुलगी आणि मुंबईत जन्मलेली सानिया

या इतिहासात आपण कुठे? १९३४ मध्ये विम्बल्डनच्या एकेरीत पहिल्या फेरीचा सामना जिंकणारी पहिली भारतीय महिला होती लीला राव, मुंबईची. तिची आई पंडिता क्षमा राव, संस्कृत कवयित्री आणि स्वतः टेनिसपटू. आणि क्षमाबाईंचे वडील म्हणजे शंकर पांडुरंग पंडित, तुकारामांच्या गाथेच्या संपादनाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे ते. ज्या घरात आजोबा गाथेची पोथ्यांवरून शुद्ध प्रत तयार करत होते, त्या घरातली नात विम्बल्डनच्या हिरवळीवर उतरली. मराठी माणसानं हे अभिमानानं लक्षात ठेवायला हवं, पण आपल्यातल्या किती जणांना ठाऊक असेल?

त्यानंतर विम्बल्डनच्या महिला दुहेरीचा चषक भारताकडे यायला ८१ वर्षं लागली. सानिया मिर्झा १९८६ मध्ये मुंबईत जन्मली, वाढली हैदराबादेत. २००३ मध्ये रशियाच्या अलिसा क्लेबानोवाबरोबर तिनं विम्बल्डनची मुलींची दुहेरी जिंकली. एकेरीत ती २००७ मध्ये जागतिक क्रमवारीत २७ व्या स्थानापर्यंत पोचली. मग मनगट आणि गुडघ्यांच्या शस्त्रक्रिया झाल्या आणि पुढे एकेरी सोडून तिनं सगळं लक्ष दुहेरीवर दिलं. मैदानाबाहेर कपड्यांवरून टीका, लग्नावरून टीका. २०१४ मध्ये तेलंगणानं तिला राज्याची सदिच्छादूत केलं तेव्हा 'पाकिस्तानची सून' म्हणून तिच्या भारतीयत्वावरच शंका घेतली गेली. जी बाई प्रत्येक स्पर्धेत नावापुढे भारत लावून उतरत होती, तिला हे ऐकावं लागलं.

मार्च २०१५ मध्ये तिनं स्वित्झर्लंडच्या मार्टिना हिंगिसबरोबर खेळायला सुरुवात केली. हिंगिसचं नाव तिच्या आईनं मार्टिना नवरातिलोवावरून ठेवलेलं. १९९६ मध्ये, वयाच्या अवघ्या पंधराव्या वर्षी, हेलेना सुकोवाबरोबर ती विम्बल्डनची महिला दुहेरी जिंकली होती. १९९८ मध्ये याना नोवोत्ना हिच्याबरोबर पुन्हा जिंकली. गंमत बघा, त्या वर्षी एकेरीच्या उपांत्य फेरीत याच नोवोत्नानं हिंगिसला हरवलं होतं. एकेरीत एकमेकींविरुद्ध, दुहेरीत खांद्याला खांदा लावून!

सानियाचा फोरहँड म्हणजे तोफगोळा, हिंगिसची नेटजवळची हातचलाखी म्हणजे बुद्धिबळ. इंडियन वेल्स, मायामी, चार्ल्सटन अशा पहिल्या तिन्ही स्पर्धा त्यांनी सलग जिंकल्या आणि १३ एप्रिलला सानिया दुहेरीत जगात पहिल्या क्रमांकावर पोचली, असा मान मिळवणारी पहिली भारतीय महिला.

११ जुलै २०१५

विम्बल्डनला या दोघी अग्रमानांकित होत्या. अंतिम फेरीत दुसरं मानांकन असलेल्या रशियाच्या एकातेरिना माकारोवा आणि एलेना वेस्निना. या वेस्निनाचं नाव लक्षात ठेवा, ते पुढे पुन्हा येणार आहे. २०११ मध्ये फ्रेंच ओपनच्या अंतिम फेरीत हीच वेस्निना सानियाची जोडीदारीण होती. तेव्हा दोघी हरल्या होत्या आणि सानियाचं महिला दुहेरीचं ग्रँड स्लॅम हुकलं होतं.

पहिला सेट रशियनांनी ७-५ घेतला. दुसरा टायब्रेकपर्यंत गेला, तो सानिया-हिंगिसनं जिंकला. आता तिसरा. इतर बहुतेक व्यावसायिक स्पर्धांत दुहेरीला तिसरा सेटच नसतो, दहा गुणांचा टायब्रेक खेळून निकाल लावतात. विम्बल्डनला मात्र पूर्ण सेट खेळावा लागतो. ते नसतं तर पुढचं काही घडलंच नसतं. या सेटमध्ये सानिया-हिंगिस २-५ अशा मागे पडल्या. आणखी एकच गेम आणि संपलं. मग ३-५, ४-५, ५-५. एवढ्यात अंधारून आलं म्हणून खेळ थांबवून सेंटर कोर्टचं छप्पर बंद केलं गेलं. दिवे लागल्यावर दोघी परत आल्या आणि उरलेले दोन्ही गेम जिंकल्या. सलग पाच गेम. ५-७, ७-६, ७-५. महिला दुहेरीचं ग्रँड स्लॅम जिंकणारी सानिया पहिली भारतीय महिला ठरली. हिंगिसला विम्बल्डनचा चषक सतरा वर्षांनी पुन्हा हातात मिळाला.

दुसऱ्याच दिवशी हिंगिसनं लिअँडर पेसबरोबर मिश्र दुहेरी जिंकली, आणि पेस यांच्या वडिलांचं मूळ आपल्या गोव्यातलं. सुमित नागलनं व्हिएतनामच्या जोडीदारासह मुलांची दुहेरी जिंकली. दोन दिवसांत तीन भारतीय विम्बल्डन विजेते, तिन्ही दुहेरीतले.

जोडी मोडते, ओळख राहते

सानिया-हिंगिसनं मग अमेरिकन ओपन जिंकली, वर्षअखेरची सिंगापूरची स्पर्धा जिंकली, जानेवारी २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली. तिथे अंतिम फेरीत हरवलेली जोडी होती लावाचकोवा-राडेत्स्का, म्हणजे २०११ मध्ये पॅरिसला सानिया-वेस्निनाला हरवणारीच. सलग ४१ सामने त्या हरल्या नाहीत. फेब्रुवारीत दोहाला ही घोडदौड रोखली ती कुणी? वेस्निनानं, नव्या जोडीदारणीसह!

ऑगस्ट २०१६ मध्ये सानिया आणि हिंगिस वेगळ्या झाल्या. लगेचच सिनसिनाटीच्या अंतिम फेरीत दोघी समोरासमोर आल्या, वेगवेगळ्या जोडीदारणींसह, आणि सानिया जिंकली. त्याच महिन्यात रिओ ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात हिंगिसला माकारोवा-वेस्निनानं हरवून सुवर्णपदक घेतलं. वर्षअखेरीस सिंगापूरला सानिया-हिंगिस पुन्हा एकत्र उतरल्या. आणि २०१५ मध्ये तीन गेमच्या आघाडीवरून हरलेल्या माकारोवा-वेस्निना? २०१७ मध्ये त्यांनी विम्बल्डनचा अंतिम सामना ६-०, ६-० असा जिंकला. समोरच्या जोडीला एकही गेम दिला नाही.

आज जोडीदारीण, उद्या प्रतिस्पर्धी, परवा पुन्हा जोडीदारीण. यात रुसवेफुगवे नसतील असं नाही. पण पुन्हा एकत्र उभं राहायची वेळ आली की चेंडू कुणाचा, मोकळी जागा कुणी भरायची, हे ठरवावंच लागतं. पार्किंगवरून, गळतीवरून, देखभाल खर्चावरून पंचवीस वर्षं भांडून, गणपतीच्या मांडवात पुन्हा एकत्र उभ्या राहिलेल्या मंडळींना हे नवीन नाही.

तर मंडळी, येत्या जुलैत एवढंच करा. नुसता एकेरीचा अंतिम सामना बघून थांबू नका. चहा टाका आणि महिला दुहेरीचा सामनाही बघा.